गुपित आपल्यापाशी ठेवण्याबद्दल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ३१ वर्षं परिचारिका होते, त्यातली १९ प्रसूती विभागात. माणसं घरी जे बोलत नाहीत ते वॉर्डात सिस्टरपाशी बोलतात. रात्री दोन वाजता सलाईन बदलायला गेलं की हात धरून सांगतात. निवृत्त झाल्यावरही ओळखीतल्या मुली, शेजारणी, भाच्या फोन करतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात: सांगू का, कुणाला सांगू, नाही सांगितलं तर चुकतंय का माझं? ती उत्तरं एकदा नीट लिहून काढली आहेत.

एखादी गोष्ट न सांगणं म्हणजे खोटं बोलणंच ना?

नाही. खोटं बोलताना आपण समोरच्याच्या हातात चुकीची गोष्ट देतो आणि तो तिच्यावर विसंबून पुढचं पाऊल टाकतो. न सांगताना आपण काहीच देत नाही. फरक ओळखायचा असेल तर एवढंच विचारा की ही माहिती समोरच्याच्या निर्णयाला लागणार आहे का. लग्न ठरवताना पहिलं लग्न दडवलं तर ती फसवणूक आहे, कारण समोरचं माणूस त्यावर आपलं आयुष्य बेतणार आहे. तुमचा पगार किती, मूल का होत नाही, भावाशी बोलणं का तुटलं, यावर शेजारणीचा कुठलाच निर्णय अडलेला नसतो.

आपल्या भाषेनं हा फरक फार आधीच केलेला आहे. 'आतल्या गाठीचा' ही तक्रार असते. 'त्याच्या पोटात राहतं हो' असं ज्याच्याबद्दल म्हणतात त्याच्याकडे गाव सल्ल्याला जातं.

सांगू की नको, ठरतच नाहीये. काय करू?

आज सांगू नका. न सांगितलेलं उद्या सांगता येतं, सांगितलेलं परत घेता येत नाही. जीवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

पण मन मोकळं केलं की हलकं वाटतं. मग दाबून कशाला ठेवायचं?

हलकं वाटतं हे खरंच आहे. पण त्रास नेमका कशानं होतो ते आधी पाहू.

१९८७ साली डॅनियल वेग्नर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं विद्यार्थ्यांना खोलीत बसवून सांगितलं की पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आणि आलाच मनात तर घंटी वाजवायची. घंटी वाजतच राहिली. गुपिताचंही तसंच होतं. २०१७ मध्ये मानसशास्त्रज्ञ मायकल स्लेपियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की लोकांना चारचौघांत गोष्ट लपवण्याचे प्रसंग तसे कमी येतात. एकटं असताना मन पुन्हा पुन्हा त्या गोष्टीकडे वळतं, ते कितीतरी जास्त वेळा, आणि माणूस पोखरला जातो तो त्यानं. म्हणजे गोष्ट आपल्यापाशी ठेवणं हे एक, आणि दिवसभर तिच्याशी झुंजत बसणं हे दुसरं. दुसऱ्याचा इलाज करता येतो, आणि त्यासाठी पहिलं सोडावं लागतंच असं नाही.

सगळ्यात साधा इलाज कागद. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांनी १९८६ मध्ये विद्यार्थ्यांना सलग चार दिवस रोज १५ मिनिटं मनातलं सगळ्यात जड दुःख लिहायला सांगितलं होतं. पुढच्या काही महिन्यांत त्या मुलांचं दवाखान्यात जाणं इतरांपेक्षा कमी झालं. लिहिलेलं कुणाला वाचून दाखवावं लागलं नव्हतं.

मी हे करत आले आहे, पेनबेकरांचं नाव माहीत नव्हतं तेव्हापासून. औषध कंपन्यांचे एमआर जानेवारीत डायऱ्या देतात, त्यातली एक मी ठेवून घ्यायची. नाईट संपवून घरी आलं की चहाचं आधण ठेवायचं आणि ओट्याशी उभ्यानंच लिहायचं. अक्षर कसंही, वाक्य अर्धवट. मग पान फाडून बादलीत भिजत टाकायचं. निळी शाई पाण्यात सुटायला लागते, आधी कडेनं, मग एकदम सगळी. दुपारपर्यंत लगदा होतो, तो पिळून कचऱ्यात. गोष्ट माझीच राहायची आणि झोप लागायची.

फोनमध्ये लिहू नका. न्हाव्याची गोष्ट आठवा. राजाच्या डोक्याला शिंगं आहेत हे त्याच्या पोटात राहीना, म्हणून त्यानं जंगलात जाऊन झाडाला सांगितलं. त्या झाडाचा ढोल झाला आणि भर दरबारात ढोलच बोलायला लागला. लहानपणी आम्ही यावर हसायचो. आता वाटतं की न्हाव्याचं चुकलं ते फक्त झाड निवडण्यात.

एकाच माणसाला सांगितलं तर चालेल ना?

चालेल, माणूस बघून. 'षट्कर्णी होणं' हा शब्द आपण सहज वापरतो, त्यातला हिशोब मोठा नेमका आहे. दोघांत असेल तर कान चार. तिसरा आला की कान सहा आणि गोष्ट फुटली. म्हणजे जुन्या लोकांनीही एका माणसाची सोय ठेवलेली आहे. अडचण अशी की तुमच्या त्या एका माणसाचाही एक माणूस असतो.

माणूस कसा ओळखायचा? तो तुम्हाला इतरांचं किती सांगतो ते बघा. जी मैत्रीण तुमच्यापाशी बसून तिसरीच्या घरचं सांगते, ती तिसरीपाशी बसून तुमचं सांगणार. तिच्या मनात खोट नसेल, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही एवढंच. सांगायचंच असेल तर आधी म्हणावं, 'हे तुझ्यापुरतं ठेव, घरीही बोलू नकोस.' हे नंतर म्हणून फारसा उपयोग होत नाही.

चांगली बातमी का लपवायची? दृष्ट लागते म्हणून?

दृष्टीवर माझा विश्वास नाही. तरी चांगली बातमी थोडे दिवस आपल्यापाशी ठेवावी असं मला मनापासून वाटतं.

प्रसूती विभागात याचं उदाहरण रोज दिसतं. दिवस राहिल्याचं पहिले तीन महिने बाहेर सांगायचं नाही ही आपल्याकडची जुनी पद्धत. तिसऱ्या महिन्यात ओटी भरायची तीही घरातल्या घरात, गाजावाजा न करता, आणि तिचं नावच चोरओटी. नाव ठेवणाऱ्या बायकांनी फार पाहिलेलं होतं. गर्भपात होतात त्यातले बहुतेक पहिल्या १२ आठवड्यांत होतात. ज्या मुलीनं आठव्या आठवड्यात सगळ्या नात्यात पेढे वाटलेत, तिला दहाव्या आठवड्यात तितक्याच जणांना उलटं सांगावं लागतं. मी अशा मुली पाहिल्या आहेत. पोटातलं दुखणं चार दिवसांत थांबतं, फोन महिनाभर येत राहतात, आणि प्रत्येक फोनला पहिल्यापासून सांगायचं. तिनं आई आणि नवरा या दोघांनाच सांगितलेलं असतं तर रडायला दोन खांदे असते आणि कुणालाच उत्तर द्यायला लागलं नसतं.

माझंही एकदा झालं. तेव्हा मी २६ वर्षांची होते. सौदीला नर्सिंगची जागा मिळण्याची शक्यता होती, कागदपत्रं गेली होती. आनंद मावेना, म्हणून ड्यूटी रूममध्ये चहा पिताना एका सहकारी मुलीला सांगितलं. संध्याकाळी पुढच्या पाळीच्या सिस्टरला ओव्हर द्यायला गेले तेव्हा तिन्ही वॉर्डांना माहीत होतं. पुढे एजंटकडे कागद अडकले आणि ते काम झालंच नाही. जागा गेल्याचं वाईट दोन आठवडे वाटलं. 'काय गं, तुझ्या सौदीचं काय झालं?' हे मात्र मी दीड वर्ष ऐकलं.

बेताच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी २००९ मध्ये काही प्रयोग मांडले. ज्यांनी आपला संकल्प दुसऱ्याला ऐकवला आणि त्यानं तो ऐकून घेतला, त्यांनी पुढे त्यासाठी मेहनत कमी घेतली. 'मी वकील होणार' हे कुणी ऐकून घेतलं की मनाला थोडं वकील झाल्यासारखंच वाटायला लागतं. हे सगळ्याच संकल्पांना लागू नाही. सिगारेट सोडायची असेल तर घरात जरूर सांगा, डोळा ठेवणारं कुणीतरी लागतं. पण जे आपल्याला 'व्हायचंय' ते झाल्यावर सांगावं.

आणि चांगल्या गुपितात मजाही असते हो. पोराच्या वाढदिवसाला आणलेली सायकल शेजाऱ्यांच्या व्हरांड्यात ठेवलेली असते, त्या चार दिवसांत आईबापांचं चालणं बघा.

नवराबायकोत गुपित असावं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि माझं उत्तर बऱ्याच जणांना आवडत नाही. असावं. दुसऱ्याला इजा न करणारं, थोडंसं, पण असावं.

नोव्हेंबर २०१६ मध्ये ५०० आणि १००० च्या नोटा बंद झाल्या तेव्हा घरोघरी बायकांची गुपितं एका आठवड्यात बाहेर आली. उडदाच्या डाळीच्या डब्यातून, पैठणीच्या घडीतून, देव्हाऱ्यातल्या कापडाखालून. माझ्या आईच्या ५०० च्या ४६ नोटा निघाल्या, २३,००० रुपये. डाळीचं पीठ लागलेल्या, रबर बांधलेल्या. ती खाली बसून एकेक नोट पदरानं पुसत होती आणि बाबा खाटेवर बसून बघत होते. ते रागावले नाहीत. पैसे बँकेत नेले, जॉइंट खात्यात भरले, पावती तिला दाखवली. सगळं रीतसर झालं.

दोन महिन्यांनी मी माहेरी गेले तेव्हा ती म्हणाली, 'आता चपला घ्यायच्या तरी सांगावं लागतं. ते देतात गं. पण सांगावं लागतं.'

त्या डब्याची किंमत मला तेव्हा कळली. तिला त्या पैशांतून काही मोठं करायचं नव्हतं. घरात एक जागा अशी होती जिथे तिला कुणाची परवानगी लागत नव्हती, ती जागा गेली.

मग काय लपवू नये? कर्ज. ज्यानं दुसऱ्याला लागण होऊ शकते असा आजार. दुसरं नातं. आणि ज्या पैशावर मागे राहणाऱ्याचं पोट आहे तो पैसा. नवरा अचानक जातो आणि बायकोला एफडी कुठे आहे हेही माहीत नसतं, हे मी अतिदक्षता विभागाच्या बाहेरच्या बाकड्यावर किती वेळा पाहिलं असेल. १० वर्षं कुणी हात न लावलेल्या ठेवी बँका रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे वळवतात. त्या शोधायला रिझर्व्ह बँकेनं २०२३ मध्ये 'उद्गम' हे पोर्टल सुरू केलं, त्यावर नाव घालून बघता येतं आणि नंतर बँकेकडे दावाही करता येतो. पण त्यापेक्षा नॉमिनी लावा आणि कागद कुठल्या फाइलीत आहेत ते एकदा सांगून ठेवा. रक्कम सांगितली नाही तरी चालेल.

मुलगी हल्ली काही सांगत नाही. तिची वही बघू का?

नका बघू. तेरा-चौदाव्या वर्षी मूल पहिल्यांदा स्वतःचं काहीतरी जपायला शिकत असतं, ते शिकायला हवंच. तुम्ही वही वाचलीत की ती सांगायला लागणार नाही, लिहायचं बंद करील. वागणं बदललं असेल, खाणंपिणं सुटलं असेल, अंगावर खुणा दिसत असतील तर वही सोडा आणि तिच्याशी थेट बोला. आणि एक करा: तिनं तुम्हाला सांगितलेलं आत्याला, मावशीला फोनवर सांगू नका. मुलं दुसऱ्या खोलीत असली तरी ऐकत असतात.

आजार ऑफिसात, शेजारी, सासरी सांगायलाच हवा का?

याबाबत कायदा पुष्कळसा तुमच्या बाजूनं आहे, आणि हे लोकांना माहीत नसतं म्हणून सविस्तर लिहिते.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठानं पुट्टस्वामी खटल्यात एकमतानं सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. कर्नाटक उच्च न्यायालयातून निवृत्त झालेल्या एका न्यायमूर्तींनी म्हातारपणी नेटानं लढवलेलं ते प्रकरण. त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्य कायद्यानं मनाच्या आजाराची माहिती आणि उपचार गोपनीय ठेवण्याचा हक्क रुग्णाला दिला. एचआयव्हीबाबतही २०१७ चाच कायदा आहे. न्यायालयाचा आदेश नसेल तर आपली स्थिती उघड करण्याची सक्ती कुणी करू शकत नाही.

गर्भपाताचं तर प्रत्येक मुलीला माहीत असावं. ती सज्ञान असेल तर कायद्याला तिची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही कायदा मागत नाही. २०२१ च्या दुरुस्तीनुसार तिचं नाव आणि माहिती कायद्यानं अधिकार दिलेल्या व्यक्तीशिवाय कुणालाही सांगणं हा डॉक्टरसाठी गुन्हा आहे.

नर्सिंगला असताना आम्ही हातात दिवा घेऊन शपथ घेतली होती. ती फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंच्या नावानं ओळखली जाते, पण लिहिली गेली १८९३ मध्ये अमेरिकेत, डेट्रॉइटला. रुग्णाचं आणि त्याच्या घरचं जे कानावर येईल ते पोटात ठेवीन, असा त्यात भाग आहे. वॉर्डात त्याचा अर्थ फार साधा होता. भेटीची वेळ झाली की केसपेपर पालथा ठेवायचा. सासूबाई 'काय लिहिलंय सिस्टर?' म्हणाल्या की 'राऊंडला डॉक्टर येतील, त्यांना विचारा' म्हणायचं, आणि डॉक्टरांना आधीच सांगून ठेवायचं की पेशंटला काय हवंय.

डॉक्टरपासून मात्र काही लपवू नका. आधीचा गर्भपात, दारू, गावठी औषध, सगळं सांगा. तपासणीच्या खोलीत सोबत कुणी असेल तर 'मला एकटीला बोलायचंय' असं स्पष्ट म्हणा, तो तुमचा हक्क आहे.

तोंडावर विचारलं तर काय सांगू? मला गप्प राहता येत नाही.

गप्प राहायची गरज नाही, वाक्य तयार ठेवा. 'ठरलं की सांगतेच.' 'ते राहू दे, तुमच्या गुडघ्याचं काय झालं?' 'त्याबद्दल मी बोलत नाहीये सध्या, काकू.' हे शेवटचं पहिल्यांदा म्हणताना जीभ अडखळते. वडीलधाऱ्यांना असं म्हणणं उद्धट वाटतं. हळू आवाजात, हसून म्हणा, आणि त्यापुढे एक शब्दही जोडू नका. आपण अडकतो ते पुढच्या स्पष्टीकरणात. 'नाही' एवढंच सांगितलं तर पुढे विचारायला काही उरत नाही. एखादं कारण दिलं की त्या कारणावर अर्धा तास चर्चा होते.

खोटं कारण देऊ नका. ते लक्षात ठेवावं लागतं.

दुसऱ्यानं सांगितलेलं गुपित फार जड झालंय.

कागद आणि बादली, वर लिहिलंय तसं. तेवढ्यानं भागत नसेल तर ज्यानं सांगितलं त्याच्याकडेच परत जा आणि म्हणा, 'मला हे एकट्याला झेपत नाहीये, कुणाशी बोलू सांग.' किंवा १४४१६ ला फोन करा. टेलि-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतही. तिथे बोलणारा माणूस तुमच्या गावचा नाही, तुमच्या मामाला ओळखत नाही, हाच तिचा मोठा गुण.

कुठलं गुपित ठेवूच नये?

मुलावर होणारे लैंगिक अत्याचार. इथे मूल 'कुणाला सांगू नकोस' म्हणालं तरी ठेवायचं नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं हे पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. मुलाला कबूल करताना 'कुणालाच सांगणार नाही' म्हणू नका, 'तुला सुरक्षित ठेवायला ज्याला सांगावं लागेल त्यालाच सांगीन' म्हणा.

घरात मार खात असाल तर ते घराण्याची अब्रू म्हणून पोटात ठेवू नका. १८१ या महिला मदत क्रमांकाला फोन करा. जीव नकोसा झाला असेल तर त्याच दिवशी सांगा, ज्याला सांगता येईल त्याला. स्तनात गाठ लागली असेल तर याच आठवड्यात दाखवा. मी एक बाई पाहिली, गाठ तिनं पोरीच्या लग्नापर्यंत दोन वर्षं पदराआड ठेवली. लग्न छान झालं. त्याबद्दल याहून जास्त मला लिहवत नाही.

सांगून बसले आणि आता पस्तावतेय.

ज्याला सांगितलं त्याला लगेच, शक्यतो त्याच दिवशी, एकदाच म्हणा: 'मघाशी बोलले ते तुझ्यापाशीच ठेव.' रोज आठवण करून देऊ नका, गोष्ट उगाच मोठी होते. बाहेर फुटलीच तर सारवासारव न करता 'हो, पण मला त्यावर बोलायचं नाही' म्हणा. लोकांना दुसरं काहीतरी मिळतंच.

आई गेली. तिच्या कपाटात पत्रांचा गठ्ठा सापडला. वाचू का?

वरवर बघून बँकेचं, घराचं, दागिन्यांचं काही त्यात नाही ना एवढी खात्री करा. मग निदान वर्षभर तसाच ठेवा, कुणीही घाईनं काही ठरवू नका. भावंडं असतील तर सगळ्यांनी मिळून ठरवा. तिनं हे फाडलं असतं की ठेवलं असतं, तिचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे.

माझ्या आईचाही एक गठ्ठा माझ्याकडे आहे. डाळीच्या डब्यातल्या नोटांना होतं तसलंच रबर त्याला होतं. ते वाळून तुटलं, म्हणून मी दुसरं लावलं.